“मी वाचलो!” म्हणणारा टोरवाल्ड

इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’ या नाटकावर गप्पा निघाल्या की सगळं बोलणं नोरावर जातं. तिने घर सोडलं ते बरोबर की चूक, पोटच्या मुलांना टाकून कशी काय गेली, पुढे तिचं काय झालं असेल, यावर लोक तासन्‌तास बोलतात, आणि तिच्या नवऱ्याचा म्हणजे टोरवाल्ड हेल्मरचा निकाल मात्र एका वाक्यात लागतो. स्वार्थी होता, बायकोला बाहुली समजायचा, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. तो चांगला होता असं म्हणायचं नाहीये मला, पण तो इतका सोपा माणूस असता तर या नाटकात एवढा जीव राहिलाच नसता. १८७९ सालचं नाटक आहे हे, नॉर्वेच्या माणसाने बरंचसं इटलीत, अमाल्फीला बसून लिहिलेलं, आणि आजही वाचताना अंगावर येतं ते टोरवाल्डमुळे असं माझं ठाम मत आहे.

आणि अजून एक. त्याचा खरा स्वभाव नेमका कुठे उघडा पडतो, तर बहुतेक जण सांगतात की तिसऱ्या अंकात पहिलं पत्र वाचल्यावर तो बायकोवर तुटून पडतो तिथे. मला वाटतं तिथे नाही. त्यानंतर काही मिनिटांत दुसरं पत्र येतं ना, तिथे.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट भराभर सांगते. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी नाटक सुरू होतं आणि जेमतेम तीन दिवसांत संपतं. टोरवाल्ड वकील आहे, नुकताच बँकेचा मॅनेजर म्हणून नेमला गेलाय, नवीन वर्षापासून मोठा पगार सुरू होणार म्हणून घरात आनंद आहे. लग्नाला आठ वर्षं, तीन मुलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कामाच्या अतिताणाने तो इतका आजारी पडला होता की डॉक्टरांनी नोराला बाजूला घेऊन सांगितलं, याला दक्षिणेत उबदार हवेत नेलं नाही तर हा जगणार नाही. पैसे नव्हते. टोरवाल्डला तर कर्ज या शब्दाचाच तिटकारा. मग नोराने गुपचूप क्रोगस्टाड नावाच्या माणसाकडून १२०० स्पेसीडालर म्हणजे ४८०० क्रोन कर्ज काढलं, टोरवाल्डला सांगितलं की माझ्या वडिलांनी दिले, आणि त्याला इटलीला नेऊन बरं करून आणलं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज घेता यायचं नाही, म्हणून जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती, वडील तिकडे मरणाच्या दारात, त्यांना या अवस्थेत कसं सांगायचं म्हणून सहीसुद्धा तिनेच केली. आणि तारीख घातली २ ऑक्टोबर, वडील तर २९ सप्टेंबरलाच गेले होते. क्रोगस्टाडच्या हातात हे सापडतं. हा क्रोगस्टाड त्याच बँकेत कामाला असतो, टोरवाल्ड त्याला काढायला निघालेला असतो, आणि तो नोराला धमकावतो की माझी नोकरी वाचव नाहीतर नवऱ्याला सगळं सांगतो.

नोरा सात-आठ वर्षं घरखर्चातून पैसे काढून, स्वतःच्या कपड्यांवरचा खर्च कमी करून हप्ते भरतेय. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात तिला कागदपत्रांच्या हाताने नकला उतरवून द्यायचं काम मिळालं होतं, तर खोलीला आतून कडी लावून रात्र रात्र लिहीत बसायची, आणि नवऱ्याला वाटायचं की ही ख्रिसमसच्या झाडासाठी कागदी फुलं करतेय. शेवटी फुलं दिसेनात तेव्हा सांगितलं की मांजराने आत घुसून सगळं फाडून टाकलं. त्याने ते खरंही मानलं, आणि तीन आठवडे दार लावून बसलेली बायको शेवटी रिकाम्या हाताने बाहेर आली ही त्याच्यासाठी नुसती एक गंमत झाली. ही छोटीशी गोष्ट पहिल्याच अंकात येऊन जाते आणि आपण हसून पुढे जातो, पण ती टोरवाल्डबद्दल किती सांगते बघा.

आता पहिल्या दोन अंकांत हा माणूस कसा आहे? घर नीट चालवणारा, दारूच्या नादी नसलेला, व्यवहाराला स्वच्छ. वकील असताना संशयास्पद केसेस घ्यायचा नाही असं नोरा स्वतःच अभिमानाने सांगते. बायकोवर त्याचं प्रेम आहे, म्हणजे त्याला जेवढं कळतं तेवढं खरंच आहे. तिला चिमणी, खार असल्या नावांनी हाका मारतो, तिने बदामाची मॅकरून खाल्ली का म्हणून बोट नाचवत विचारतो, पैसे हवे तर हसत हसत देतो आणि वर उधळेपणावर छोटंसं भाषणही देतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काय गोड जोडपं आहे. म्हणून मला तो नट आवडत नाही जो पहिल्या अंकापासून टोरवाल्डला खाष्ट, हुकूमशाही करून दाखवतो. असं केलं की तिसऱ्या अंकाला काही उरतच नाही, प्रेक्षकाला आधीच सगळं माहीत असतं, आणि नोरा आठ वर्षं मूर्खासारखी राहिली असं वाटायला लागतं. टोरवाल्ड प्रेमात पडण्यासारखा दिसला पाहिजे. तो तसा आहे म्हणूनच तर नोराने त्याच्यासाठी एवढं केलं.

पण इब्सेन कमालीचा आहे, त्याने आधीच सगळं पेरून ठेवलंय. माझ्या मते या नाटकातली सगळ्यात महत्त्वाची जागा दुसऱ्या अंकात आहे आणि तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. नोरा टोरवाल्डला विनवतेय की क्रोगस्टाडला काढू नकोस. तो आधी मोठी तात्त्विक कारणं देतो, माणसाची नीतिमत्ता, खोटेपणाने सडलेलं घर, त्याचा मुलांवर परिणाम वगैरे. पहिल्या अंकात तर तो नोराला ऐकवतो की लहान वयात वाया गेलेल्या बहुतेकांच्या आया खोटारड्या असतात, आणि ते ऐकताना तिला काय होत असेल याची त्याला कल्पनाही नसते. पण ती फारच मागे लागल्यावर खरं कारण बाहेर येतं. तो म्हणतो की त्याची नैतिक घसरण मी एकवेळ चालवूनही घेतली असती, माणूस कामाला चांगला आहे असंही ऐकलंय. पण हा माझा तरुणपणीचा ओळखीचा, आणि तो चारचौघांत माझ्याशी अरे-तुरे करतो, उठसूट ‘तू हेल्मर, तू हेल्मर’ करतो, बँकेत माझी पोझिशन असह्य होऊन जाईल.

बस्स. एवढंच कारण. एका माणसाची भाकरी काढून घेतोय कारण तो चारचौघांत अहो-जाहो करत नाही.

नोरा म्हणते, तू हे गंमतीने बोलतोयस ना, हे फार क्षुद्र कारण आहे. आणि तो ‘क्षुद्र’ हा शब्द धरून बसतो. मला क्षुद्र म्हणालीस? नाही रे, उलट म्हणून तर मला वाटलं, ती सावरायला बघते. माझं कारण क्षुद्र म्हणजे मी पण क्षुद्र, बरंय, मग याचा एकदाचा निकालच लावतो. लगेच मोलकरणीला हाक, पाकीट हातात, आत्ताच्या आत्ता माणूस बघून पोचतं कर. नोकरीवरून काढल्याची चिठ्ठी गेली. नोरा ओरडतेय, परत बोलव तिला, माझ्यासाठी, तुझ्यासाठी, मुलांसाठी, आणि तो म्हणतो, उशीर झाला. हा सीन नीट बघितला तर लक्षात येतं की या माणसाला कुठे टोचतं हे आपल्याला तीन मिनिटांत कळलंय. त्याची तत्त्वं आहेत, नाही असं नाही, पण तत्त्वांच्या खाली अजून एक थर आहे, आणि तो म्हणजे लोकांसमोर आपण कसे दिसतो. बायकोच्या सांगण्यावरून मॅनेजरने निर्णय बदलला असं बँकेत कुणी म्हटलं तर, ही भीती तर तो त्याआधी स्वतःच बोलून दाखवतो.

आणि गंमत म्हणजे, गंमत तरी कसली, याच सीनच्या शेवटी तो घाबरलेल्या नोराला जवळ घेऊन सांगतो की काहीही होऊ दे, वेळ आली तर माझ्यात हिंमत पण आहे आणि ताकद पण, सगळं स्वतःवर घ्यायला मी पुरेसा पुरुष आहे. नोरा हे शब्दशः खरं मानते. तिला भीती वाटते ती हीच, की सगळं बाहेर आलं की टोरवाल्ड पुढे होऊन म्हणेल सही मी केली, गुन्हेगार मी. ते होऊ नये म्हणून ती थंडगार काळ्या पाण्यात जीव द्यायचा विचार करते. म्हणजे ती त्याच्या एका वाक्यावर स्वतःचा जीव लावायला निघालीय आणि तो ते वाक्य बोलून आपल्या कामाला लागलाय.

टोरवाल्डला ओळखणारा अजून एक माणूस नाटकात आहे, डॉक्टर रँक, त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. रँक मरायला टेकलाय, त्याला ते माहीत आहे, आणि तो नोराला सांगून ठेवतो की टोरवाल्डला माझ्या आजारपणाच्या खोलीत येऊ देऊ नकोस, त्याला कुरूप काही सहन होत नाही. बघा, मित्रानेच ओळखलंय आणि न चिडता, न दुखावता स्वीकारलंय. पुढे रँकची काळ्या क्रॉसची कार्डं पत्रपेटीत सापडतात, म्हणजे त्याचा निरोप, आता तो दार लावून घेणार आणि एकटा मरणार. टोरवाल्डला वाईट वाटतं, अगदी खरं वाईट वाटतं, पण बोलतो काय तर त्याचं दुःख आणि एकटेपण म्हणजे आपल्या लख्ख सुखामागे ढगांच्या पडद्यासारखं होतं, आणि असं झालं ते त्याच्यासाठी बरंच झालं, कदाचित आपल्यासाठीही. मित्राचं मरण पण त्याच्या घराच्या सजावटीत बसवून झालं. त्याच रात्री थोडं आधी तो नोराच्या मैत्रिणीला, मिसेस लिंडेंना, हातवारे करून दाखवतो की विणण्यापेक्षा भरतकाम करत जा, भरतकाम करताना हात कसा छान डौलात फिरतो, विणताना ते दिसायला वाईट दिसतं. त्या बिचारीने आयुष्यभर आई आणि भावंडांसाठी राबून पोट भरलंय, आणि हा तिला कसं विणताना चांगलं दिसेल ते सांगतोय. थोडी शॅम्पेन झालीय त्याची, पण शॅम्पेनने आतलंच बाहेर येतं ना.

आता तो सीन. वरच्या मजल्यावरच्या पार्टीत नोराचा टारांटेला हा इटालियन नाच करून झालाय, नेपल्सच्या कोळी मुलीच्या वेषात. घरी येऊन टोरवाल्ड तिच्या जवळ जायला बघतो, तिला ते नको असतं, मग रँक येऊन जातो, कार्डं मिळतात, आणि तो तिला मिठीत घेऊन म्हणतो, नोरा, कित्येकदा मला वाटतं की तुझ्यावर काहीतरी भयंकर संकट यावं, म्हणजे तुझ्यासाठी मला जीव, रक्त, सगळं पणाला लावता येईल. ती म्हणते, आता तू पत्रं वाच. त्यात नोकरी गेलेल्या क्रोगस्टाडने टाकलेलं, सगळं उघड करणारं पत्र आहे हे तिला माहीत आहे. काय वाक्य आहे हे! ती त्याची परीक्षा घेतेय असं नाही, तिला खरंच वाटतंय की आता ते होणार. तो आत जाऊन वाचतो, ती शाल गुंडाळून बाहेर पळायच्या तयारीत, आणि तेवढ्यात तो पत्र हातात घेऊन दारात. खरं आहे हे? ती म्हणते, खरं आहे, मी तुझ्यावर जगात सगळ्यात जास्त प्रेम केलं. असली फालतू कारणं सांगू नकोस. ती म्हणते मला जाऊ दे, माझ्यासाठी तू हे स्वतःवर घ्यायचं नाहीस. तो म्हणतो नाटकं बंद कर, आणि बाहेरच्या दाराला कुलूप लावतो. ती अजून त्याच्या त्यागाला अडवायला बघतेय आणि त्याच्या डोक्यात त्याग हा विषयच नाहीये.

मग जे बोलतो ते सगळ्यांना माहीत आहे. ढोंगी, खोटारडी, गुन्हेगार. तुझ्या बापाचे सगळे गुण घेतलेस, ना धर्म, ना नीती, ना कर्तव्य. माझं सगळं सुख धुळीला मिळवलंस, माझं भविष्य संपवलंस. यात वडिलांचा विषय काढतो ना, ती जागा मला फार मोठी वाटते. कारण त्या वडिलांच्या कारभारात गडबड झाली होती तेव्हा चौकशीला हाच टोरवाल्ड सरकारकडून गेला होता, आणि नोरासाठी म्हणून त्याने डोळेझाक केली होती. तो स्वतः म्हणतो की त्याकडे कानाडोळा केला त्याचीच शिक्षा भोगतोय, तुझ्यासाठी केलं होतं मी ते. म्हणजे आपल्या माणसासाठी कायदा वाकवणं यानेही केलंय! पण त्याने केलं ते उपकार, तिने केलं तो गुन्हा, आणि तिने तर त्याचा जीव वाचवायला केलं. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात बोलूनही त्याला त्यातला संबंध दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच की क्रोगस्टाडच्या मुठीत आपण सापडलो.

मग लगेच व्यवहार. प्रकरण काहीही करून दाबायचं, त्या माणसाला काहीतरी देऊन गप्प करायचं. जगासमोर सगळं होतं तसंच दिसलं पाहिजे, तू याच घरात राहशील, पण मुलांना वाढवायला मी तुला देणार नाही, तुझ्यावर तेवढा भरवसा नाही. आता सुखाचा प्रश्नच नाही, आता फक्त उरलंसुरलं, वरवरचं दिसणं वाचवायचं.

हे सगळं भयंकर आहे. पण मी प्रामाणिकपणे सांगते, इथपर्यंत मी त्याला माफ करू शकते. माणूस घाबरलाय. आयुष्यभर जपलेलं नाव एका कागदाने जाणार म्हटल्यावर माणसं वाट्टेल ते बोलतात, जवळच्या माणसावरच सगळं काढतात, कारण तो समोर असतो. भीतीच्या पहिल्या झटक्यात माणूस जे बोलतो त्यावर त्याचा सगळा स्वभाव ठरवणं मला न्यायाचं वाटत नाही. भीती ओसरल्यावर तो काय करतो, मागे वळून समोरच्याकडे बघतो की नाही, तिथे मला तो माणूस कळतो.

आणि इब्सेनने तेच केलंय. त्याने भीती काढून घेतली.

बेल वाजते, अर्ध्या झोपेतली मोलकरीण नोराच्या नावाचं पत्र आणून देते. टोरवाल्ड ते तिच्या हातात जाऊच देत नाही, तिच्या नावाचं असून स्वतः फोडतो. दिव्याजवळ जाऊन दोन ओळी वाचतो, आतला कागद बघतो, आणि ओरडतो, नोरा! थांब, परत वाचतो. हो हो, खरंच. मी वाचलो! नोरा, मी वाचलो!

नोरा विचारते, आणि मी?

तू पण, अर्थातच, आपण दोघंही वाचलो, हे बघ, त्याने तुझा कागद परत पाठवलाय.

ते ‘अर्थातच’ वाचून मला दरवेळी पोटात काहीतरी होतं. तो दुष्ट असता तर ‘तुझं काय ते बघ’ म्हणाला असता. तो तसं म्हणत नाही. ती त्याला आठवतच नव्हती, आठवण करून दिल्यावर लगेच आठवली, आणि त्यात काही वावगं झालं असं त्याला वाटतही नाही. ‘मी वाचलो’ हे त्याच्या तोंडून विचार करून निघालेलं नाही, आपोआप निघालंय, म्हणूनच ते खरं आहे.

पुढचं तर अजून वाईट. तो कर्जाचा कागद आणि दोन्ही पत्रं फाडून शेगडीत टाकतो आणि जळताना बघत उभा राहतो. मग म्हणतो, हे तीन दिवस तुला फार भयंकर गेले असतील ना. ती म्हणते हो, तीन दिवस मी फार झगडले. आणि तुला दुसरा मार्गच दिसला नसेल, असं म्हणता म्हणता तो थांबतो, जाऊ दे, ते घाणेरडं आता आठवायचंच नाही. बस, एवढाच. अख्ख्या नाटकात नोराच्या मनात काय चाललं होतं हे विचारायच्या एवढ्या जवळ तो एकदाच येतो आणि दारातूनच परत फिरतो. ती आत्महत्येच्या उंबरठ्यावरून परत आलीय, समोर उभी आहे, चेहरा थंड पडलाय, आणि त्याला वाटतं हिला विश्वास बसत नाहीये की मी हिला माफ केलं! मग तो शपथेवर सांगतो, मी तुला सगळं माफ केलंय, तू जे केलंस ते माझ्यावरच्या प्रेमापोटी केलंस हे मला माहीत आहे, फक्त तुला मार्ग निवडायची अक्कल नव्हती. ती आत कपडे बदलायला जाते आणि हा दाराबाहेर उभा राहून बोलतच राहतो, की बायकोला मनापासून माफ केल्यावर पुरुषाला किती गोड समाधान वाटतं, ती जणू दुप्पट त्याची होते, त्याने तिला नवा जन्म दिल्यासारखं होतं, ती त्याची बायको पण होते आणि लेकरू पण. ससाण्याच्या पंजातून सोडवलेल्या कबुतरासारखी तुला जपेन म्हणतो. सोडवलं कुणी? क्रोगस्टाडने स्वतः कागद परत केला, तोही मिसेस लिंडेंनी त्याच्याशी जन्माची गाठ बांधायचं ठरवलं म्हणून. टोरवाल्डने काहीसुद्धा केलेलं नाही, आणि पाच मिनिटांत तो स्वतःला वाचवणारा समजायला लागलाय.

आणि या सगळ्यात एक वाक्य कुठेच येत नाही. तू माझा जीव वाचवलास. तो इटलीला गेला नसता तर मेला असता, ही बँक नाही, हे पद नाही, ज्याच्यासाठी एवढा आकांत केला ते नाव पण नाही. त्या कर्जावर तो आज जिवंत उभा आहे. रागात सुचलं नाही तर समजू शकते, पण सगळं निवळल्यावर, कागद जळून गेल्यावर, शांतपणे बोलत असतानाही त्याला ते सुचत नाही. मला त्याने जेलमध्ये जायला हवं होतं असं म्हणायचं नाही. नोराची ती अपेक्षा, की तो जगाला ओरडून सांगेल गुन्हेगार मी आहे, ती कदाचित फार मोठी होती, तिचंही त्याच्याबद्दल स्वतःचं एक स्वप्न होतं. पण एक साधा प्रश्न, एवढी वर्षं एकटीने कसं केलंस गं हे, एवढं विचारलं असतं तरी ती रात्र वेगळी गेली असती असं मला मनापासून वाटतं.

नोरा हेच सांगते त्याला, रोजच्या कपड्यांत बाहेर येऊन, टेबलाशी समोर बसवून. आठ वर्षांत आपण पहिल्यांदा गंभीरपणे बोलतोय म्हणते. ती त्याच्या शिव्यांबद्दल फार बोलत नाही हे लक्षात घ्या. ती म्हणते, तुझी भीती संपली, आणि ती माझ्यावर काय येईल याची नव्हती, तुझ्यावर काय येईल याची होती, ती संपल्यावर तुझ्यासाठी जणू काही झालंच नाही, मी परत तुझी चिमणी, तुझी बाहुली. त्या क्षणी मला कळलं की आठ वर्षं मी एका परक्या माणसाबरोबर राहिले. म्हणजे नोराने पण निकाल दुसऱ्या पत्रावरच दिलाय.

टोरवाल्डची उत्तरं ऐका. तुला ताप आलाय. लोक काय म्हणतील याचा विचार केलास? मग धर्म, मग विवेक, मग मुलं. शेवटी तो म्हणतो, नोरा, तुझ्यासाठी मी आनंदाने रात्रंदिवस राबेन, दुःख सोसेन, पण आपल्या माणसासाठी आपली इज्जत कुणी पणाला लावत नाही. ती म्हणते, लाखो बायकांनी लावलीय.

हे सगळं इब्सेनने हवेतून काढलेलं नाही. लॉरा कीलर नावाची एक तरुण लेखिका त्याच्या ओळखीची होती, तिनेही क्षयाने आजारी नवऱ्याला वाचवायला गुपचूप कर्ज काढून त्याला इटलीला नेलं होतं, ते फिटेना म्हणून खोट्या सहीपर्यंत गोष्ट गेली. नवऱ्याला कळल्यावर त्याने तिला गुन्हेगारासारखं वागवलं, मुलांपासून तोडलं आणि वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. पुढे ती मुलांसाठी म्हणून त्याच घरात परत गेली. नाटकापेक्षा आयुष्य वाईट होतं. इब्सेनने १८७८ च्या ऑक्टोबरात रोममध्ये या नाटकासाठी टिपण लिहिलं त्यात म्हटलंय की सदसद्विवेक दोन तऱ्हेचे असतात, पुरुषाचा एक आणि बाईचा एक, ते एकमेकांना समजत नाहीत, पण व्यवहारात बाईला पुरुषाच्या कायद्याने तोललं जातं. टोरवाल्ड वकील आहे ते उगाच नाही.

नाटक ४ डिसेंबर १८७९ ला कोपनहेगनमध्ये छापून आलं, ८००० प्रतींची आवृत्ती बघता बघता संपली, आणि २१ डिसेंबरला तिथल्याच रॉयल थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. मग जर्मनीत करायची वेळ आली तेव्हा हेडविग नीमान-राबे या नटीने सांगितलं की मी माझी मुलं कधीच टाकणार नाही, म्हणून हा शेवट करणार नाही. दुसऱ्या कुणीतरी शेवट बदलून ठेवण्यापेक्षा इब्सेनने नाइलाजाने स्वतःच वेगळा शेवट लिहून दिला, आणि तो स्वतःच त्याला नाटकावरचा रानटी अत्याचार म्हणायचा. त्यात नोरा जात नाही. टोरवाल्ड तिला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत ओढत नेतो आणि म्हणतो, उद्या उठून आईला हाका मारतील तेव्हा ती पोरकी झालेली असतील. ती तिथेच खाली बसते, पडदा पडतो.

हा शेवट लोकांना बरं वाटावं म्हणून लिहिलेला, कुटुंब एकत्र राहिलं म्हणून. मला तो मूळ शेवटापेक्षा भीतीदायक वाटतो. कारण हा तोच टोरवाल्ड आहे ज्याने अर्ध्या तासापूर्वी याच मुलांना हिच्या हातात ठेवायला नकार दिला होता. तेव्हा ती मुलांना बिघडवेल अशी होती, आता तिच्यावाचून मुलं पोरकी होणार आहेत. मधल्या काळात नोरात काहीच बदललेलं नाही, फक्त त्याला आता ती घरात हवी आहे. मूळ नाटकात निदान तो एकटा बसून विचार करायला उरतो, माझ्यात बदलायची ताकद आहे म्हणालाय ते खरं की खोटं हे त्याला शोधावं लागणार असतं. या दुसऱ्या शेवटात तेही नाही, त्याला काही शोधायची गरजच पडत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तो बँकेत जाऊ शकतो.